उजवीकडून वाचायची लिंक

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. मी माझ्या धाकट्या बहिणीवर जळते. साठी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी जळते. तिच्या साड्यांवर नाही, घरावर नाही, नवऱ्यावर तर मुळीच नाही. बाबा तिला काहीतरी विचारतात, ती सांगते आणि बाबा मान डोलावतात, त्या मान डोलावण्यावर जळते.

कारण ते काम माझं होतं. मी बँकेत तीस वर्षं काढली. बाबांची एफडी, पेन्शनचा हयातीचा दाखला, पासबुकातली एंट्री, सगळं माझ्या हातून व्हायचं. महिन्यातून एकदा ते कापडी पिशवी घेऊन शाखेत यायचे आणि रांगेत उभे राहायचे. मुलगी आत बसलीय म्हणून पुढं घुसणं त्यांना मंजूर नव्हतं. नंबर आला की आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "मॅडम, जरा आमचं बघता का?" सगळी रांग हसायची. मी वरवर वैतागायची, पण तो दिवस माझा चांगला जायचा.

मग मी रिटायर झाले, बँक मोबाइलमध्ये शिरली आणि बाबा धाकटीला विचारायला लागले.

धाकटी टूरवाल्यांच्या ऑफिसात आहे. अजिंठा बघायला येणाऱ्या पाहुण्यांचं बुकिंग, हॉटेल, गाड्या सगळं ती बघते. निम्मा आठवडा शहरात, निम्मा अजिंठ्याच्या लेण्यांजवळ फर्दापूरला. तिच्या ऑफिसला देशोदेशीच्या मेल येतात आणि त्यांत चोरांच्याही येतात. 'आम्ही वीस जण येतोय, पैसे भरलेत, पावती या लिंकवर बघा.' एकदा तिच्या मालकांनी तसली पावती बघितली आणि चांगलेच हात पोळून घेतले. तेव्हापासून प्रत्येक मेल आधी धाकटीच्या नजरेखालून जाते. तिला त्यातलं कळतं. चांगलंच कळतं. हे लिहिताना आत्तासुद्धा माझ्या पोटात दुखतंय.

त्या वर्षी पाऊस असा झालाच नाही. आमच्या गच्चीवरून हर्सूलचा तलाव दिसतो. पाण्याऐवजी भेगाळलेली माती दिसायला लागली होती. नळाला पाणी आठव्या दिवशी, कधी दहाव्या. आणि तिकडं जालना रोडला, पार करमाडपर्यंत, प्लॉटिंगचे झेंडे आणि बारा-बारा मजली इमारतींच्या जाहिराती. त्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'चोवीस तास पाणी'. कुठून आणणार होते, त्यांचं त्यांना माहीत.

बाबा सिडकोतल्या आमच्या जुन्या घरात एकटे राहतात, हट्टानं. त्यांच्याकडं नळ यायचा त्या दिवशी मी जायची. मोटर लावायची, टाकी, ड्रम, हंडे, बादल्या भरायच्या, पाइप ओढून कंबर मोडून घ्यायची. धाकटीही यायची. येऊन काय करायची? बाबांच्या शेजारी दिवाणावर बसायची आणि त्यांच्या मोबाइलमधल्या आठ दिवसांच्या मेल आणि मेसेज बघून द्यायची. मी ओल्या साडीनं आत-बाहेर, आणि यांचं हसणं-खिदळणं चालू. पाणी गेलं की बाबा म्हणायचे, "आज लई काम झालं गं धाकटे!" अरे! ड्रम काय मोबाइलनं भरले?

बाबांना तिची गरज होती, हेही खरं. त्यांचा एक डोळा काचबिंदूनं पूर्वीच गेलेला, आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. मोबाइल नाकाला लावून, अक्षरं बोटांनी फुगवून फुगवून एकेक अक्षर वाचायचे. त्या उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर चांगला बघितलेला, तारीख मिळालेली. त्यासाठी एक एफडी मोडून पैसे बचत खात्यात आणून ठेवले होते. तेवढं झालं की मी सगळं माझं मीच वाचणार, असं बाबा येईल त्याला सांगायचे.

एका नळाच्या दिवशी धाकटीनं त्यांना लिंक वाचायला शिकवलं. मी दारातून ऐकत होते.

"बाबा, सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. मग पुढं पहिली तिरकी रेघ कुठं येते ते शोधा. तिथं बोट ठेवा. आता बोटापासून उलटं वाचत या, उजवीकडून डावीकडं. रेघेजवळचं डॉट कॉम, डॉट इन सोडा, त्याला चिकटून जे नाव आहे ना, ती लिंक त्याच्या मालकीची. तिकडं डाव्या टोकाला बँकेचं नाव कुणीही लिहील. दुसऱ्याच्या नावाची पाटी लावायला काय लागतं?"

बाबा एकदम ताठ बसले. "म्हणजे उर्दूसारखं!"

बाबांच्या पहिल्या इयत्ता निजामाच्या काळातल्या उर्दू शाळेत गेलेल्या. पुढं सगळं मराठीत झालं, पण अलिफ-बे अजून पक्कं. शहरातल्या जुन्या दुकानांच्या उर्दू पाट्या ते येता-जाता आम्हाला वाचून दाखवायचे आणि आम्ही कंटाळायचो. आणि आता एवढ्या वर्षांनी कुणीतरी त्यांना सांगत होतं की उजवीकडून वाचता येणं ही कामाची गोष्ट आहे. त्यांचा चेहरा असा काही फुलला! आल्यागेल्याला तेच. दूधवाल्याला, समोरच्या वकिलांना, गॅसवाल्याला. "लिंक उर्दूसारखी वाचायची बरं का. आमच्या धाकटीनं शोध लावला."

शोध म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिचे बाकीचे धडेही बाबांनी पाढ्यांसारखे पाठ केले होते. जो नाव न घेता 'प्रिय ग्राहक' म्हणतो, तो आपल्याला ओळखत नाही. जो घाई करतो, त्याला आपण विचार केलेला नको असतो. आणि लिंक खरी वाटली तरी तिच्यावरून जायचंच नाही, आपण होऊन शाखेत जायचं किंवा पासबुकावरच्या नंबरवर फोन करायचा. मी तीस वर्षं लोकांच्या सह्या जुळवल्या, खोटी सही मी कागद टेबलावर टेकायच्या आत ओळखायची. ते नाही कधी कुणी पाठ केलं.

असो. आता त्या दिवसाचं सांगते.

नळाचा दिवस होता. धाकटी पाहुणे घेऊन फर्दापूरला गेलेली. मी टाकी भरायला लावून जरा टेकले तर बाबा मोबाइल पुढं करून म्हणाले, "बँकेची मेल आलीय बहुतेक. धाकटीला पाठवू का?"

"मी मेलेय का?" असं माझ्या तोंडून निघून गेलं. मोबाइल मी जवळजवळ हिसकावलाच.

मेल अशी होती. शहराच्या नामांतरानुसार सर्व खातेदारांनी आपल्या खात्यावरील पत्त्यात शहराचे नवीन नाव अद्ययावत करणे आवश्यक आहे. तीन दिवसांत आवश्यक ती कार्यवाही न केल्यास खाते तात्पुरते स्थगित करण्यात येईल. खाली लिंक.

बाहेरगावच्या माणसाला यात शंका आली असती कदाचित. आमच्याकडं त्या दिवसांत तेच चाललं होतं. दुकानांच्या पाट्या, शाळांचे दाखले, लेटरहेड, जिथं बघाल तिथं जुनं नाव खोडून नवीन लिहिणं चालू. आदल्याच आठवड्यात मी माझ्या जुन्या शाखेत गेले होते, तर माझ्यासमोर नव्या नावाच्या रबरी शिक्क्यांचा खोका फुटला. सगळ्यांनी एकेक शिक्का कागदावर उठवून बघितला, मीही हौसेनं एक उठवला. मग बँक खातेदारांचे पत्ते बदलून मागणार नाही तर काय? उलट मला वाटलं, बरोबर आहे, कामकाजाला धरून आहे. आणि भाषा तर इतकी चोख, की वाचून मला माझ्या टेबलाची आठवण आली. 'आवश्यक ती कार्यवाही.' इतकं स्वच्छ ऑफिसचं मराठी चोर कशाला लिहीत बसेल?

"खरी आहे," मी म्हणाले.

"शाखेत जाऊन विचारायचं का?" बाबा म्हणाले.

"कशाला? पाच मिनिटांचं काम. मी करते ना."

"उलटी वाचलीस का पण?"

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. "बाबा, मी बँकेत तीस वर्षं काढली. मला तरी शिकवू नका!"

"बरं बाई," ते म्हणाले.

आता खरं काय ते लिहिते. मला ती लिंक उलटी वाचता येत होती. दारात उभं राहून मी तो धडा बाबांइतकाच नीट ऐकला होता. रेघ शोधायची, बोट ठेवायचं, मागं यायचं, एवढंच तर होतं. पण ते तिचं होतं म्हणून मला करायचं नव्हतं. मी मुद्दाम डावीकडून वाचली. सुरुवातीला बँकेचं नाव दिसलं, तिथंच मी थांबले.

पान उघडलं. बँकेचंच वाटावं असं, तोच रंग, तेच चिन्ह. जुना पत्ता, नवा पत्ता, खाते क्रमांक. मग ओळख पटवण्यासाठी एटीएम कार्डाचा नंबर. बाबांनी कार्ड काढून दिलं. त्यावरची मुदत, मागचे तीन आकडे, मी सगळं टकाटक भरलं. मग ओटीपी आला. काउंटरवर बसून मी हजारदा सांगितलं असेल लोकांना, ओटीपी कुणाला सांगू नका. पण मला वाटलं, मी कुठं कुणाला सांगतेय, मी तर बँकेच्या पानावर भरतेय. त्या मेसेजमध्ये बारीक इंग्रजीत हे पैसे देण्यासाठी आहे असं लिहिलेलं होतं. मी फक्त आकडे उचलले. पान म्हणालं, ओटीपी चुकला, पुन्हा टाका. दुसरा आला, तोही टाकला. मग हिरव्या अक्षरात धन्यवाद आलं.

"झालं!" मी म्हणाले. "बघा, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत."

"व्वा मॅडम!" बाबा म्हणाले.

किती दिवसांनी ऐकलं मी ते! मोटर बंद करायला उठले तर गुडघेसुद्धा दुखले नाहीत. अंगणात पाइप गुंडाळताना मी चक्क गुणगुणत होते. परत येऊन बघते तर मोबाइलवर खात्यातून पैसे गेल्याचे दोन मेसेज. बाबांना ते दिसत नव्हते, त्यांनी नुसतं विचारलं, "काय आलं गं?"

मग मी ती लिंक उलटी वाचली. रेघ शोधली, बोट ठेवलं. डॉट कॉमला चिकटून जे नाव होतं त्याचा बँकेशी काही संबंध नव्हता. कुठल्या तरी दुकानासारखं नाव होतं. आणि मेलच्या वर 'प्रिय ग्राहक' होतं, तेही तेव्हाच दिसलं. डोळ्याचे पैसे गेले होते. जवळजवळ सगळे.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "धाकटीला फोन लाव."

माझ्या आयुष्यात मी त्याहून कठीण फोन लावलेला नाही. दोनदा लागलाच नाही, तिकडं रेंज नसते. मग तिचाच आला. तिनं ऐकून घेतलं आणि एकदम कामाला लागली. "ताई, पासबुकावरच्या नंबरवर आधी कार्ड बंद कर. मग लगेच सायबरच्या तक्रार नंबरवर फोन. लगेच म्हणजे लगेच, जितक्या लवकर कळवू तितके पैसे मध्येच अडवता येतात. मेल आणि मेसेज काही डिलीट करू नको." मी हो हो म्हणत होते. मग ती सहज म्हणाली, "बाबांनी लिंक दाबली का?"

फोन स्पीकरवर होता. बाबा माझ्याकडं बघत होते, म्हणजे माझ्या दिशेनं बघत होते.

"हं," मी म्हणाले.

एवढंच. एक 'हं'. बाबांनी ते ऐकलं.

संध्याकाळच्या आत ती फर्दापूरहून आली, चप्पल काढायच्या आधी सुरूच झाली. "बाबा, मी काय शिकवलं होतं तुम्हाला? लोकांना सांगत फिरता आणि स्वतःच विसरता? उजवीकडून वाचायची होती ना?"

"चुकलं गं," बाबा म्हणाले. "घाई झाली."

"तीन दिवस दिलेत असं म्हणणारी मेल आली की घाई करायचीच नाही, हेही सांगितलं होतं!"

"व्हय. सांगितलं होतंस."

तिचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी मान खाली घालून ऐकत होता. मी चहा टाकायला आत गेले. दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. एकदा वाटलं, बाहेर जावं आणि म्हणावं, बाई, त्यांना नको बोलू, मी केलंय. मी कप विसळत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सायबर पोलिसांकडं लेखी तक्रार द्यायला गेलो. थोडेसे पैसे अडवले गेले होते, बाकीचे पुढं कुठल्या कुठं गेले होते. ऑपरेशनची तारीख रद्द करावी लागली होती, तो फोन मी सकाळी केला होता. तिथल्या बाई चांगल्या होत्या, आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, "ओटीपी कुणी टाकला?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण बाबांनी त्याआधीच सांगितलं, "मी टाकला. मुलगी अंगणात पाणी भरत होती."

बाईंनी तसं लिहून घेतलं आणि कागद बाबांपुढं सरकवला. बाबांनी पेन घेतलं आणि सहीच्या रेघेच्या चांगलं चार बोटं वर, भरलेल्या मजकुरावरच सही करायला लागले. बाईंनी हात धरून रेघेवर आणला. धाकटी ते बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

बाहेर आल्यावर बाबांना रिक्षात बसवून ती मला बाजूला घेऊन गेली.

"ताई, ज्यांना सहीची रेघ दिसत नाही त्यांना ओटीपी कसा दिसला?"

मी पदराचं टोक पिळत उभी राहिले.

"मला एकच सांग. असं बोला म्हणून तू सांगितलंस का त्यांना?"

"नाही गं. देवाशप्पथ नाही."

मला वाटलं, आता ती तोंड सोडणार. मी तयारच होते, हक्कच होता तिचा. पण तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे स्वतःहून बोलले," ती म्हणाली. "माझ्यासाठी नसते बोलले गं ते. मी सातवीत होते तेव्हा शेजारच्या काकूंची टाकी रिकामी झाली होती, आठवतंय? भर दुष्काळात. नळ उघडा राहिला म्हणून. मला हाताला धरून त्यांच्या दारात नेलं होतं आणि सगळ्या गल्लीसमोर माफी मागायला लावली होती. मी रडून सांगत होते, मी नाही उघडला म्हणून. तुला एका शब्दानं विचारलं नव्हतं त्यांनी. आणि नळ तू उघडा ठेवला होतास, ताई."

मला आठवलं. मीच ठेवला होता.

"मी एवढं त्यांचं मोबाइलचं बघते, काय काय शिकवते," ती म्हणाली, "ते काय मला हौस आहे म्हणून? त्यांनी एकदा तुझ्याकडं बघतात तसं बघावं म्हणून करते."

ती पदरानं तोंड पुसत होती. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. माफी मागायला हवी होती, आदल्या दिवसाची आणि त्या टाकीचीही. माझ्या हातानं बापाच्या एकुलत्या डोळ्याचे पैसे गेले होते, माझ्या पापासाठी तो म्हातारा पोलिसांपुढं खोटं बोलला होता आणि माझी बहीण भर रस्त्यात रडत होती. आणि मला काय झालं सांगू? आनंद झाला. इतका, की तो चेहऱ्यावर दिसेल म्हणून मी मान वळवली.

रिक्षातून बाबांनी हाक मारली, "चला गं पोरींनो, कोण बसतंय माझ्याजवळ?"

मी धाकटीच्या आधी चढले.